दहा मिनिटांचा तीव्र व्यायाम तासाभराच्या फेरीची जागा घेऊ शकतो का?

रोज सकाळी तासभर कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरणाऱ्या माणसाने त्याऐवजी दहा मिनिटे जोरकस व्यायाम केला तर चालेल का, हा प्रश्न हल्ली जिममध्येही विचारला जातो आणि दवाखान्यातही. हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेपुरते ते चालते. स्नायूंची ताकद, लांबचे अंतर चालण्याची सवय, वजन आणि जेवणानंतरची रक्तातील साखर यांच्या बाबतीत मात्र ते पुरत नाही. शिवाय जेथे चालते तेथेही ती दहा मिनिटे खरोखर तीव्र असावी लागतात, आणि घाम आला म्हणजे व्यायाम तीव्र झाला असे होत नाही. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात रिक्षात बसूनही घाम येतो.

म्हणून पूर्ण अदलाबदल न करता आठवड्यातील दोन, फार तर तीन फेऱ्यांच्या जागी छोटा तीव्र व्यायाम बसवावा आणि बाकीचे तसेच ठेवावे, असे माझे मत आहे. ते कसे बसवावे हे पुढे क्रमाने दिले आहे, पण त्याआधी या दाव्यामागे नेमके काय आहे ते पाहिले पाहिजे.

प्रयोगांत काय झाले होते

१९९६ साली जपानमधील इझुमी टाबाटा यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास मध्यम वेगाने स्थिर सायकल चालवली. दुसऱ्या गटाने वीस सेकंद पूर्ण जोर, दहा सेकंद विश्रांती, अशी सात ते आठ आवर्तने केली, म्हणजे साधारण चार मिनिटे. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत वाढली, आणि दुसऱ्या गटात तर ऑक्सिजन अपुरा असताना काम करण्याची क्षमताही २८ टक्क्यांनी वाढली. पुढे २०१६ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने बैठे जीवन जगणाऱ्या पुरुषांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. वीस सेकंदांचे तीन जोरकस टप्पे आणि त्यांच्यामध्ये व आगेमागे सावकाश सायकल, असा एकूण दहा मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांची क्षमता १९ टक्क्यांनी वाढली. दर वेळी ४५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांची वाढही तेवढीच होती.

या आकड्यांवरच मोबाईलवरचे सगळे ‘चार मिनिटांत तंदुरुस्ती’ छाप व्हिडिओ उभे आहेत, आणि त्यांत तीन गोष्टी हमखास गाळल्या जातात. टाबाटांच्या प्रयोगातील मुले शारीरिक शिक्षणाची विद्यार्थी होती, म्हणजे त्यांचा पाया आधीच पक्का होता. तो जोर इतका होता की सातव्या-आठव्या आवर्तनानंतर पायडल फिरवणे अशक्य व्हावे. दिवाणखान्यात उड्या मारून ती तीव्रता सहसा गाठली जात नाही. आणि दोन्ही प्रयोग सायकलवर झाले, जेथे गुडघ्यावर आपटण्याचा भार येत नाही. व्हिडिओत मात्र फरशीवर अनवाणी उड्या मारायला सांगतात.

थोड्या वेळात एवढा परिणाम कसा होतो, याचे कारण समजण्यासारखे आहे. जोरकस टप्प्यात स्नायूंतील साठवलेली साखर झपाट्याने खर्च होते आणि पेशीला ऊर्जेचा तुटवडा जाणवतो. त्या तुटवड्याच्या संकेतामुळे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या व क्षमता वाढू लागते. संथ चालण्यानेही हाच संकेत मिळतो, पण क्षीण आणि बऱ्याच वेळाने. शरीराला मिनिटांपेक्षा हा ताण कळतो, म्हणूनच वेळ कमी करायची तर ताण वाढवावाच लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही हा हिशेब आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, म्हणजे जोरकस एक मिनिट हे मध्यम दोन मिनिटांइतके धरावे. व्यायामाचा तुकडा किमान दहा मिनिटांचा असावा ही जुनी अट त्यांनी काढून टाकली. मात्र त्याच सूचनांतील एक ओळ सोयीस्करपणे विसरली जाते: या सगळ्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा.

पहिली पायरी : काय बदलायचे आहे ते ठरवा

आपण आज तासभर जे करतो ते कशासाठी करतो, हे स्वतःला विचारावे. दम टिकावा म्हणून फिरत असाल, तर त्यातील काही दिवस छोट्या तीव्र व्यायामाने भरून निघतील. वजन उतरवायचे असेल तर या पद्धतीकडून फार अपेक्षा ठेवू नये. दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून केलेल्या तुलनांत चरबी कमी होण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळपास सारखे निघते, आणि ‘व्यायाम संपल्यावरही तासन्‌तास चरबी जळत राहते’ हा परिणाम खरा असला तरी अगदी थोडा असतो. दहा मिनिटांच्या मेहनतीची सगळी कमाई कटासह एक प्लेट मिसळ आणि दोन जादा पाव सहज गिळून टाकतात.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेवणानंतर वाढणारी साखर ताब्यात ठेवायला जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या साध्या चालण्याचा उपयोग होतो, आणि सकाळी केलेला तीव्र व्यायाम त्या चालण्याची जागा घेत नाही. उलट फार जोर केल्यास काही काळ साखर वाढलेली दिसते, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची ती नंतर अचानक खाली जाऊ शकते.

पन्हाळा ते पावनखिंड या पावसाळी पदभ्रमंतीची तयारी करणाऱ्यांना तर पर्यायच नाही. साधारण ५० किलोमीटरची चिखलवाट दोन दिवसांत चालायची तर टाचा, घोटे, पाठ आणि तळव्यांची कातडी यांना तासन्‌तास चालण्याचीच सवय लागते. ती वीस सेकंदांच्या जोराने लागत नाही.

दुसरी पायरी : तपासणी

भारतीय उपखंडातील लोकांना हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात गाठतो, त्यामुळे ही पायरी कोणीही ओलांडून पुढे जाऊ नये. वय चाळिशीच्या पुढे असून बराच काळ व्यायाम नसेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल किंवा आई-वडील, भावंडे यांच्यापैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना ‘मी जोरकस व्यायाम करणार आहे’ असे स्पष्ट सांगून तपासून घ्यावे. नुसते ‘व्यायाम करू का’ असे विचारले तर त्यांच्यासमोर चालणेच येते आणि ते हो म्हणून मोकळे होतात.

धोका किती, याचा एक अंदाज नॉर्वेतील हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रांतून मिळतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,८४६ रुग्णांच्या नोंदींनुसार व्यायामादरम्यान हृदय बंद पडण्याची घटना मध्यम व्यायामात १,२९,४५६ तासांमागे एक, तर तीव्र व्यायामात २३,१८२ तासांमागे एक अशी आढळली. दोन्ही प्रमाणे लहान आहेत आणि तीव्र व्यायामातील घटना इतक्या मोजक्या होत्या की त्यांवरून फार ठाम बोलता येणार नाही; पण हे सगळे रुग्ण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. टेकडीवर एकट्याने धावणाऱ्याजवळ कोणी नसते.

व्यायाम करताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत अनियमित धडधड जाणवली तर जागीच थांबावे आणि लगेच दवाखाना गाठावा. ‘गॅस झाला असेल’ म्हणून लिंबू-सोडा घेत बसू नये. सवय नसताना अतिरेकी मेहनत केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग चहासारखा गडद झाला तर तोही तातडीचाच इशारा आहे, कारण स्नायू फुटून त्यांतील द्रव्य मूत्रपिंडावर आले असण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी : चार ते सहा आठवड्यांचा पाया

पूर्णपणे बैठे काम करणाऱ्याने थेट तीव्र व्यायामावर उडी घेतली तर फुप्फुसांच्या आधी पोटरी आणि गुडघेच तक्रार करतात. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूबंध मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालावे, आणि दोन दिवस सावकाश बैठका व गुडघे टेकून जोर काढावेत. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी लढतीला उतरवत नाही. आधी आखाड्याची माती उकरायला आणि जोर-बैठका मारायला लावतो, त्यामागचे शहाणपण हेच आहे.

त्याच तालमीकडे बारकाईने पाहिले तर लेखाच्या मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळते. कुस्ती म्हणजे काही सेकंदांचा स्फोट, मग पकड धरून दम घेणे, पुन्हा स्फोट. इतका अस्सल तीव्र व्यायाम दुसरा नसेल. तरीही पैलवान पहाटेचे धावणे सोडत नाही आणि जोर-बैठकांची भरती कमी करत नाही. पेठापेठांतली फुटबॉल खेळणारी पोरेही सामन्यात जे करतात ते तुटक धावणेच असते, आणि ज्याने लांब धावण्याची तयारी केलेली नसते तो उत्तरार्धात चालताना दिसतो.

चौथी पायरी : तीव्रता ओळखायला शिका

यंत्राशिवाय चालणारी सर्वांत विश्वासार्ह कसोटी बोलण्याची आहे, आणि कोल्हापुरात तिच्यासाठी तयार वाक्य आहे. चालता चालता ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ एका श्वासात दोनदा म्हणता आले तर व्यायाम हलका ते मध्यम आहे. एकदा म्हणता आले पण लगेच श्वास घ्यावा लागला तर तो मध्यमाच्या वरच्या टोकाला पोहोचला आहे. ‘जोतिबाच्या’ म्हटल्यावर ‘नावानं’साठी थांबावे लागले, तर तुम्ही खऱ्या तीव्र पट्ट्यात आहात. सवय नसलेला माणूस टेंबलाई टेकडीच्या चढावर भरभर चढू लागला की पहिल्या पंधरा सेकंदांत काहीच विशेष वाटत नाही. विसाव्या सेकंदाच्या आसपास मांड्या जड होतात, तोंड आपोआप उघडते आणि हात गुडघ्यांकडे जायला लागतात. श्वासाचा सर्वांत मोठा लोंढा तर थांबल्यानंतर येतो. तो आला नाही, तर टप्पा हलका झाला असे समजावे.

नाडी मोजायची असल्यास २०८ मधून वयाच्या ०.७ पट संख्या वजा करावी. पंचेचाळीस वर्षांच्या व्यक्तीची कमाल नाडी त्यानुसार मिनिटाला साधारण १७६ येते आणि तिचे ८५ टक्के म्हणजे १५०, म्हणजे थांबल्याबरोबर मानेवर बोट ठेवून मोजल्यास पंधरा सेकंदांत ३७-३८ ठोके. व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, त्यामुळे आकडा आणि चांगभल्याची कसोटी यांत तफावत आली तर कसोटीवर विश्वास ठेवावा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर नाडी अपेक्षेइतकी वाढत नाही. अशांनी नाडीचा आकडा पूर्ण सोडून द्यावा.

पाचवी पायरी : जागा आणि हालचाल

सपाटीवर वेगाने धावण्यापेक्षा चढावर भरभर चालणे बहुतेकांसाठी चांगले, कारण चढावर वेग कमी राहूनही हृदयावर पुरेसा ताण येतो आणि पाऊल आपटत नाही. टेंबलाईचा चढ, शिवाजी विद्यापीठ परिसरातील चढाचे रस्ते किंवा पन्हाळ्याच्या वाटेवरचा एखादा टप्पा यासाठी उपयोगी पडतो. उतरताना मात्र सावकाशच यावे, कारण गुडघ्याचे दुखणे चढताना नाही, उतरताना लागते. रंकाळ्याचा पदपथ फिरायला उत्तम आहे, पण सकाळच्या गर्दीत तेथे जोराचे टप्पे घेणे म्हणजे कोणा आजोबांना धक्का देण्याची खात्रीच.

गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि वजन बरेच जास्त असणाऱ्यांनी स्थिर सायकल निवडावी. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर घरातील किंवा इमारतीतील जिना पुरतो. पायऱ्या ओल्या नसाव्यात आणि कठड्यावर हात ठेवावा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटोपावे.

सहावी पायरी : प्रत्यक्ष आखणी

प्रत्येक वेळी आधी पाच ते सात मिनिटे हळूहळू वेग वाढवत चालावे आणि शेवटी पाच मिनिटे संथ चालून थांबावे. जोराच्या टप्प्यानंतर एकदम उभे राहिले तर पायांतील रक्त वर येत नाही आणि चक्कर येते. पहिले दोन आठवडे तीस सेकंद जोर आणि दोन मिनिटे संथ चाल अशी चार आवर्तने, आठवड्यातून फक्त दोनदा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवर्तने सहा करावीत. पाचव्या आठवड्यापासून एक मिनिट जोर आणि दीड मिनिट संथ अशी पाच-सहा आवर्तने घ्यावीत. पहिल्या आवर्तनात सर्व जोर संपवू नये. शेवटचे आवर्तन पहिल्याइतक्याच अंतराचे झाले तर वेग बरोबर निवडला होता असे समजावे. दोन तीव्र दिवसांमध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

दोनेक महिन्यांनंतर हवे असल्यास नॉर्वेत रूढ झालेली चार मिनिटांची पद्धत घ्यावी. तीत चार मिनिटे कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर आणि तीन मिनिटे संथ, अशी चार आवर्तने असतात. दम वाढवण्यासाठी तिच्याइतकी तपासली गेलेली पद्धत क्वचितच असेल. गंमत अशी की वॉर्मअपसह हिला जवळपास चाळीस मिनिटे लागतात, म्हणजे वेळ वाचवायला निघालेला माणूस फिरून तेथेच येतो. तसा दहा मिनिटांचा व्यायामही कपडे बदलणे, जागेवर पोहोचणे आणि अंघोळ धरून पाऊण तास घेतोच. वेळ खरोखर वाचवायचा असेल तर जिना हीच जागा.

सातवी पायरी : आठवडा बसवणे

सोमवार आणि गुरुवार तीव्र व्यायाम, मंगळवार आणि शुक्रवार ताकदीचा, शनिवारी हलके फिरणे आणि रविवारी तास-दीड तासाची लांब फेरी, बुधवार मोकळा. नोकरी करणाऱ्याला ही रचना झेपते. ताकदीसाठी जोर-बैठका उत्तम आहेत, पण त्यांत एक उणीव आहे. जोर छाती, खांदे आणि दंडांचे काम करतो, बैठक मांड्यांचे. ओढण्याचे काम दोन्हींत नाही, त्यामुळे पाठ मागे राहते. तालमीत ती उणीव दोरखंड चढून भरून निघते. घरी सिंगल बारला लटकणे किंवा पाण्याची भरलेली बादली वाकून कमरेपर्यंत ओढणे हा पर्याय चालतो.

साठीपुढच्यांनी तीव्र दिवस आठवड्यातून एकच ठेवावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव जोडावा, म्हणजे एका पायावर उभे राहणे किंवा रेषेवर चालणे. नॉर्वेतच सत्तरीच्या पुढच्या १,५६७ जणांवर पाच वर्षे चाललेल्या चाचणीत, २०२० च्या निष्कर्षांनुसार, देखरेखीखालील व्यायाम करणारे आणि नेहमीच्या सल्ल्याप्रमाणे हिंडते-फिरते राहणारे यांच्या मृत्युदरात ठोस फरक आढळला नाही. तीव्र व्यायामाच्या गटाचा कल थोडा अनुकूल होता, इतकेच. आजी-आजोबांची रंकाळ्याची फेरी बंद करायला लावण्याइतके बळ या पुराव्यात नाही.

ज्यांना यातले काहीच जमणार नाही, त्यांच्यासाठी २०२२ चा एक अभ्यास दिलासा देणारा आहे. ब्रिटनमधील व्यायाम न करणाऱ्या २५,२४१ लोकांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदींत असे दिसले की, दिवसातून तीन वेळा एक-दोन मिनिटांची जोरकस हालचाल सहज घडणाऱ्यांत पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होते. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्यांची तब्येत मुळात बरी असते तेच भरभर जिना चढतात, हेही त्यात मिसळलेले असणार. तरीही लक्ष्मीपुरीच्या बाजारातून भाजीच्या भरल्या पिशव्या घेऊन न थांबता तिसऱ्या मजल्यावर जाणे हे लिफ्टपेक्षा नक्कीच बरे.

आठवी पायरी : मोजमाप आणि माघार

सुरुवातीला एक ठरावीक चढ निवडून तो किती वेळात चढता येतो आणि वर पोहोचल्यावर एका मिनिटाने नाडी किती खाली येते, हे लिहून ठेवावे. आठ आठवड्यांनी तोच चढ, दिवसातली तीच वेळ, शक्यतो तसेच हवामान पाहून पुन्हा मोजावे. वेळ कमी झाला किंवा त्याच वेळेत नाडी लवकर उतरू लागली, तर अदलाबदल यशस्वी झाली. दोन्हींत फरक नसेल तर बहुधा जोराचे टप्पे पुरेसे जोराचे नव्हते. अशा वेळी आवर्तने वाढवण्याऐवजी चढ वाढवावा.

सकाळी उठल्यावरची नाडी दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त राहिली, झोप मोडू लागली किंवा पायांचे दुखणे तिसऱ्या दिवशीही कायम असेल, तर तीव्र दिवस सोडून नुसते चालावे. ताप-सर्दीतून उठल्यावरही आठवडाभर हेच करावे.

लग्नसराईत, परीक्षेच्या दिवसांत किंवा गळीत हंगामात आठवड्याची घडी मोडली तर काय सोडायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. प्रथम रविवारची लांब फेरी अर्ध्यावर आणावी, नंतर तीव्र दिवसांपैकी एक सोडावा. ताकदीचे दोन दिवस आणि रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटांची शतपावली शेवटपर्यंत सोडू नये. खंड दोन आठवड्यांपेक्षा लांबला, तर जेथे थांबलात तेथून न उचलता सहाव्या पायरीतील पहिल्या आठवड्यापासून, म्हणजे तीस सेकंदांच्या चार आवर्तनांपासून पुन्हा सुरुवात करावी.